तांब्या पडला नाही तर खेळ

माझ्या हातात पहिला बास्केटबॉल आला तो जुन्या कोटांच्या ढिगातून. भूकंपानंतर निलंग्याच्या आमच्या शाळेत मदतीचे ट्रक येत होते. धान्य, चादरी आणि पातेल्यांबरोबर कुठल्या कुठल्या शहरांतल्या सज्जन लोकांनी आपली कपाटंही रिकामी करून पाठवली होती. त्यात टाय होते, उंच टाचांच्या चपला होत्या, आणि सगळ्यात खाली हा नारिंगी, खरबरीत, निम्मी हवा गेलेला चेंडू होता. वाटपाचं काम माझ्या वडिलांकडे होतं. ते त्याच शाळेत शिक्षक. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. रांगेतल्या एकेकाला त्यांनी तो चेंडू देऊन पाहिला. "गुरुजी, ह्याचं काय करू?" असं म्हणून प्रत्येकानं तो परत केला. टाय मात्र सगळे खपले. लोकांनी ते बैलांच्या गळ्यात घंट्या बांधायला नेले. शेवटी अण्णा चेंडू घरी घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात टाकला. मी तेव्हा पाचवीत होते आणि उंची आठवीतल्या मुलीची. खो-खोत मला कुणी घेत नसे, कारण मी खाली बसले तरी उभीच दिसायचे.

भूकंपाचं मला फारसं आठवत नाही. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, पहाटे जमीन हलली, आणि मला झोपेतच उचलून बाहेर आणलं होतं. आमच्या भाड्याच्या घराची एक भिंत गेली, माणसं शाबूत राहिली. आईला आम्ही माय म्हणायचो. तिच्या माहेरी तसं झालं नाही. तिकडं दगडामातीचं, माळवदाचं म्हणजे जड मातीच्या छताचं घर होतं, आणि त्याखाली तिची धाकटी बहीण गेली. माय त्याबद्दल कधी बोलली नाही. तिनं एवढंच केलं, की त्या दिवसापासून ती माळवदाखाली किंवा स्लॅबखाली गेली नाही. बँकेत गेली नाही, दवाखान्यात गेली नाही, लग्नकार्यात मंगल कार्यालयाच्या दारातूनच अक्षता टाकल्या. पत्रा तेवढा तिला चालायचा. "पत्रा पडला तर मानूस उठतंय," ती म्हणायची. आम्ही अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं आणि तेच आमचं घर झालं.

त्या दिवसांत निलंग्यात घरोघरी एक यंत्र होतं. जमिनीवर गिलास पालथा घालायचा, त्यावर तांब्या, तांब्यावर ताटली, ताटलीत दोन चमचे. जमीन जरा हलली की हे सगळं खणखणत खाली येणार आणि माणसं बाहेर पळणार. आमच्याकडं हे यंत्र मायच्या उशाशी असायचं. तो गिलास आणि तो तांब्या तिनं पाणी प्यायला पुन्हा कधी वापरला नाही. पाहुणे कितीही आले, भांडी कितीही कमी पडली, तरी त्या दोघांना हात लावायचा नाही.

चेंडूत मी सायकलच्या दुकानातून हवा भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर जोरात टप्पे मारायला सुरुवात केली. पाच-सहा टप्पे झाले असतील. शेडमध्ये खणखणाट झाला. मागोमाग शेजारच्या घरात झाला, मग पलीकडच्या. "पळा! हलायलंय!" अशी आरोळी उठली आणि तमाम गल्ली रस्त्यावर आली. समोरचे काका अर्ध्या दाढीला साबण लावून उभे. एक काकू कुकर कडेवर घेऊन आल्या होत्या आणि पोरगं आत राहिलं म्हणून पुन्हा आत धावल्या. सगळे एकमेकांना "बंद झालं का?" विचारत होते, कारण लोकांना बघून मी घाबरून चेंडू धरून ठेवला होता. धक्का थांबला याचं सगळ्यांना बरं वाटलं. मग काकांची नजर माझ्या हातांकडं गेली.

"गुरुजी," ते अण्णांना म्हणाले, "तुमची पोरगी भूकंप करायलीय की हो!"

दुपारी गल्लीची बैठक बसली आणि चेंडू जप्त करायचं ठरलं. अण्णांनी मान डोलावली. मी इतकी रडले की मला उचकी लागली. सगळे गेल्यावर मायनं आपलं यंत्र उचललं, अंगणाच्या मधोमध फरशीवर मांडलं, आणि मला म्हणाली, "बॉल आन. हे पडलं न्हाई तर खेळ. पडलं की बॉल हिरीत."

विहीर दहा पावलांवर होती आणि माय बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती.

मी कसं जमवलं ते आज विचाराल तर मी शिकवू शकते. तेव्हा मात्र केवळ विहिरीच्या भीतीनं जमलं. तळव्यानं चेंडू हाणला की फरशी घुमते. बोटांच्या पेरांनी ढकलला तर तो जरासाच उठतो आणि आवाज जमिनीतच राहतो. त्यासाठी कमरेत वाकावं लागतं, गुडघे मोडावे लागतात, आणि चेंडूला गुडघ्याच्या वर येऊ द्यायचं नसतं. मी यंत्राभोवती दोन हात अंतरावरून गोल फिरत राहायचे. माय जवळच ज्वारी निवडत बसायची, पण डोळे चमच्यांवर. चमचे नुसते किणकिणले तरी ती मान वर करायची. महिनाभरात मी वीतभर अंतरावरून फिरू लागले. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. बहीण गेल्यानंतर मी तिला हसताना बघितलं ते तेव्हाच, आणि त्यानंतर मला हा खेळ सोडवेना.

शाळेच्या मैदानात एक गंजका खांब होता, वर फळी, फळीला लोखंडी रिंग. तो कशाचा हे पीटीच्या सरांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. इमारतीला तडे गेल्यामुळे वर्ग मैदानात भरत, आणि त्या रिंगला शाळेच्या घंटेची पितळी थाळी टांगलेली असे. सरांनी मला नियम सांगितले, नेम कसा धरायचा ते दाखवलं, आणि थाळी काढायची विसरले. माझं आयुष्यातलं पहिलं बास्केट पडलं तेव्हा थाळी दणकून वाजली, गणिताच्या बाई वही मिटून उठल्या आणि चार वर्गांचे तास वीस मिनिटं आधी बदलले. मुख्याध्यापकांनी सरांना झापलं. मुलांनी मला डोक्यावर घेतलं.

शाळेचे सामने उघड्यावर होत, त्यामुळे माय यायची. चुन्याच्या रेघेला लागून, डोक्यावर पदर घेऊन बसायची. तिला नियम कळत नव्हते. पंचाची शिट्टी वाजली की तिला वाटायचं मीच काहीतरी चुकीचं केलं, आणि ती तिथूनच मला दटावायची.

दहावीनंतर अण्णांनी मला लातूरला घातलं. भूकंपानंतर चार-पाच वर्षांतच लातूरचं रूप पालटलं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, पहाटे पाचच्या बॅचला सायकलींची झुंबड, आणि दर खोलीत एक पोरगं व त्याला जेवू घालायला गावाहून आलेली एक आई. माझ्याबरोबर मायही आली. खोली शोधताना तिनं मला आणि दलालाला पार बेजार केलं. सगळीकडं स्लॅब. शेवटी एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची खोली मिळाली, जिना बाहेरून, उघडा.

"माय, खाली तीन स्लॅब हाईत की," मी म्हणाले.

"पायाखाली असू दे. डोक्यावर नगं," ती म्हणाली.

या युक्तिवादावर अण्णांनी दोन मिनिटं विचार केला आणि भाडं ठरवलं.

डॉक्टर करायचं अण्णांच्या मनात होतं. माझ्या मनात काय होतं ते मी पहाटेची बॅच आणि दुपारची टेस्ट यांच्या मधल्या फटीत गच्चीवर टप्पे मारून सांगत होते. खालच्या तिन्ही मजल्यांवर भावी डॉक्टर ठासून भरलेले. पहिल्याच दिवशी घरमालक धापा टाकत वर आले. "वहिनी, पोरीला समजवा. खाली पोरं अभ्यास करायलीत."

माय आत गेली आणि यंत्र घेऊन आली. गच्चीवर ते मांडलं, मला खेळायला सांगितलं आणि मालकांना बसायला पोतं दिलं. मालक दहा मिनिटं बसले, चमच्यांकडं बघत राहिले आणि जाताना म्हणाले, "ह्या पोरीला चोरीचा धंदा लई जमंल." दोन वर्षांत खालून एकदाही तक्रार आली नाही. बारावीला मात्र मला जे मार्क पडले त्यात डॉक्टर होणं शक्य नव्हतं. कंपाउंडर तरी होता येईल का, अशी शंका अण्णांनी बोलून दाखवली. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्या चार दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ मैदानावर होते.

त्या मैदानावरच मला कळलं, की सिकंदराबादच्या एका सरकारी कार्यालयाला महिलांच्या संघासाठी खेळाडू हवेत. कारकून म्हणून घेणार, पगार देणार, आणि खेळवणार. मी अण्णांना घेऊन गेले. निवड चाचणीला सगळ्या उंच मुलींना रिंगखाली उभं केलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी चेंडू घेऊन वाकले आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. वयस्क कोच हैदराबादी होते. त्यांनी कानात बोट घालून हलवलं आणि विचारलं, "ये बॉल का आवाज कायकू नै आता?" मी त्यांना गिलास, तांब्या, ताटली सगळं सांगितलं. ते हसून हसून खुर्चीत बसले. इतकी उंच आणि इतक्या खालून चेंडू नेणारी मुलगी त्यांनी बघितली नव्हती; समोरच्या मुलींना चेंडू दिसायचा नाही, आणि ऐकूही यायचा नाही. त्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. अण्णांनी ते तीनदा वाचलं आणि मग विचारलं, "म्हणजे खेळायचा पगार?"

"हाव," मी म्हणाले.

"आणि काम काय?"

हा प्रश्न मला पुढची पंधरा वर्षं सगळ्यांनी विचारला. सकाळी सहा ते नऊ सराव, अकरा ते तीन फायलींवर नंबर टाकणं, चार ते सात पुन्हा सराव. वर्षातले कितीतरी महिने आम्ही बारा जणी रेल्वेच्या डब्यात, बुटांच्या वासात, कुठल्या ना कुठल्या राज्याच्या वाटेवर. माझ्या मापाचे बूट बायकांच्या दुकानात कधी मिळाले नाहीत. हॉस्टेलात मी कायम दाराजवळची कॉट घ्यायचे, सरावाला लवकर निघता यावं म्हणून. मला ते आयुष्य मनापासून आवडलं. घामाघूम होऊन जिंकल्यावर बारा जणींनी एकाच वेळी ओरडायचं, यापेक्षा चांगलं मला अजून काही सापडलेलं नाही.

एकच गोष्ट राहिली होती. हे सगळे सामने बंदिस्त हॉलमध्ये व्हायचे, आणि मायनं माझा पगाराचा खेळ एकदाही बघितला नव्हता. ती सिकंदराबादला अण्णांबरोबर दोनदा आली. दोन्ही वेळा अण्णा आत गेले, आणि ती हॉलच्या फाटकापर्यंत येऊन वॉचमनशेजारी लिंबाच्या झाडाखाली बसली. मी हात जोडले, चिडले, एकदा तर तिला भित्री म्हणाले. ती जागची हलली नाही. सामना संपल्यावर बाहेर येऊन मी फुरंगटून म्हणाले, "तुला काय कळणार आत काय झालं ते!"

"कळतंय की," ती म्हणाली. "बाकीच्यांचा बॉल धपाधपा वाजतुया. तू घेतला की आवाजच येईना झाला. लई येळ तुझ्याकडंच व्हता."

ते ऐकून मी वॉचमनसमोरच रडले.

लग्न नांदेडात झालं. नवरा माझ्यापेक्षा चार बोटं कमी, म्हणून वरातीत त्याचा फेटा मुद्दाम उंच बांधला होता, आणि तरी फोटोत मीच उंच आहे. पस्तिशीच्या आसपास गुडघा कुरकुरायला लागला. कोच म्हणाले, या वर्षी पुरे. योग असा, की त्या वर्षी आमच्या कार्यालयांची स्पर्धा नांदेडला, नव्या हॉलमध्ये होती. माझा शेवटचा सामना, आणि तोही मायपासून एका एसटीच्या अंतरावर.

या वेळी मी तिला विनवलं नाही. थकले होते. फोनवर नुसतं सांगितलं, शेवटचा आहे. आदल्या दिवशी दुपारी ती अण्णांबरोबर एसटीनं आली, सासरच्या घरी अंगणातच चहा प्याली आणि म्हणाली, "चल, दाव तुझा हाल." मला वाटलं, पुन्हा फाटक आणि वॉचमन. पण हॉल रिकामा होता, दारं सताड उघडी होती, आणि ती उंबऱ्यापर्यंत आली. पदर सावरून तिनं मान आत घातली आणि वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"आगं, हा तर पत्रा हाय!"

मी वर बघितलं. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि त्यावर निळा पत्रा. पंधरा वर्षं मी असल्या छपरांखाली खेळत होते आणि माझं लक्ष कायम रिंगवर.

"शिकंदराबादला बी पत्राच व्हता?"

मी आठवून बघितलं. "व्हता," मी म्हणाले.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पंद्रा वर्सं मला लिंबाखाली बसवलं! सांगायचं न्हाई व्हय, भवाने? आन् आवं, तुमी! मास्तर झालात, दोन-दोनदा आत जाऊन आलात, तुमाला बी दिसलं न्हाई?" अण्णा चष्मा पुसू लागले. त्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही तिघं इतके हसलो, की झाडणारी बाई बघायला आली. हसता हसता मी बोटांवर वर्षं मोजायला लागले. किती सामने वाया गेले होते.

दुसऱ्या दिवशी माय दाराजवळच्या सिमेंटच्या पायरीवर, सगळ्यात खाली बसली. पिशवीतून तिनं गिलास काढला, पालथा घातला, त्यावर तांब्या, ताटली, दोन चमचे. "पत्रा असंल," ती शेजारच्या बाईला सांगत होती, "जमिनीचा काय भरवसा?" संघातल्या पोरी मला कोपरानं ढोसत होत्या. मला लाज वाटली नाही. मी तिच्याकडं बघून वाकले आणि खेळायला लागले.

त्या दिवशी मी झकास खेळले, हे माझं मीच सांगते. माय सुरुवातीला एक डोळा यंत्रावर ठेवून होती. मग दोन्ही डोळे माझ्यावर आले. मग ती उभी राहिली. शेवटचे दहा सेकंद राहिले, आम्ही एका पॉइंटनं पुढे, चेंडू माझ्याकडं. तो तेवढा सांभाळायचा होता, आणि चेंडू सांभाळणं हेच तर मी जन्मभर करत आले होते. हॉलभर लोक पाय आपटू लागले.

आणि खणखण करून तांब्या पडला.

पुढं काय झालं ते मला पोरींनी नंतर सांगितलं. मी चेंडू तिथंच सोडला आणि दाराकडं धावत सुटले. विचार नाही, काही नाही. नुसते पाय. पाचवीतल्या पोरीला तेव्हा कुणीतरी उचलून बाहेर आणलं होतं. या वेळी ती आपल्या पायांनी निघाली होती. हॉस्टेलातली दाराजवळची कॉट सरावासाठी नव्हती, हे मला त्या पंधरा पावलांत कळलं. इतकी वर्षं मी मायला हसत होते, आणि ती भीती निम्मी माझ्याच अंगात होती.

दाराशी माय उभी होती. छपराखाली. तांब्या तिच्या पायाशी गडगडत होता आणि तिचं त्याच्याकडं लक्षसुद्धा नव्हतं. दोन्ही हात हवेत नाचवत ती माझ्यावर ओरडत होती, "कुठं पळायलीस, भवाने? बॉल तिकडं हाय!"

मी वळले. तोवर समोरच्या पोरीनं चेंडू नेऊन बास्केट केलं होतं. आम्ही एका पॉइंटनं हरलो. संघातल्या पोरींनी मला आठवडाभर छळलं आणि अजूनही भेटल्या की दाराकडं बोट दाखवतात.

सगळं संपल्यावर मी मायच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. गुडघा ठणकत होता, श्वास लागला होता. तिनं वाकून भांडी गोळा केली. तांब्याला पोचा आला होता. तिनं तो पदरानं पुसला, पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन भरून आणला, गिलास सुलटा केला, त्यात पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "लई पळलीस."